मोटारीची पैसेवारी



मोटार विकत घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थाच्या हातीं हल्लीं एक नवें साधन आलें आहे. अमुक मोटारीस भरंवशाबद्दल पांचांपैकीं चार तारे, तमुक मोटारीस शंभरांपैकीं बहात्तर गुण, अशा कोष्टकांचा आजकाल सुकाळ झाला आहे. हे गुण कोणा परीक्षकानें यंत्र उघडून दिलेले नसतात. ज्यांनीं ती मोटार घेतली आणि वापरली त्यांनाच प्रश्न विचारून, त्यांच्या उत्तरांची बेरीज करून ते काढलेले असतात. असल्या गुणांवर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा, आणि ठेवावा तर कोठपर्यंत, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

हा प्रश्न चैनीचा आहे असें कोणी समजूं नये. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत मोटार ही पुष्कळांच्या पोटाशीं बांधलेली वस्तु आहे. मेहकराहून लोणारास प्रवासी नेणारा तरुण, कापूस आणि सोयाबीन बाजारांत पोंचविणारा छोटा वाहतूकदार, आणि निवृत्त होतांना हातीं आलेल्या रकमेंतून आयुष्यांतली पहिली व शेवटली मोटार घेणारा गृहस्थ, या तिघांसही चुकीची निवड झेपण्यासारखी नसते. गाडी गॅरेजांत उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाहीं, तो चालतच असतो.

गुण देण्याचा हा प्रकार आपणांस अपरिचित आहे असेंही नाहीं. पिकाची आणेवारी आपल्या आजोबांच्या कानांवर होती. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि पुढें आणेवारीची पैसेवारी झाली. आपल्या अमरावती विभागांत खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या आंत आली तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. शेतकऱ्याला यांतून दोन गोष्टी अनुभवानें कळलेल्या आहेत. पहिली ही कीं, सप्टेंबरांत हिरवेंगार दिसणारें शेत डिसेंबरांत पदरांत किती घालील तें सांगतां येत नाहीं. दुसरी ही कीं, गांवाची पैसेवारी म्हणजे आपल्या शेताची पैसेवारी नव्हे. सरासरी अगदीं खरी असली तरी नाल्याकांठच्या शेतांत भरपूर पिकतें आणि बरडावर कांहींच हातीं लागत नाहीं. मोटारींच्या गुणांविषयीं मला जें सांगावयाचें आहे त्याचें बीज या दोन अनुभवांत आहे.

अशा पाहण्यांचें मूळ अमेरिकेंत आहे. १९३६ सालीं न्यूयॉर्क येथें ग्राहकांची एक संस्था निघाली. तिचें मासिक आज 'कन्झ्यूमर रिपोर्ट्स' या नांवानें प्रसिद्ध आहे. ही संस्था उत्पादकांच्या जाहिराती घेत नाहीं, तपासावयाची वस्तु स्वतःच्या पैशानें बाजारांतून विकत घेते, आणि मोटारींबद्दल दरवर्षीं आपल्या सभासदांना विचारते कीं, गेल्या बारा महिन्यांत तुमच्या गाडींत कोणता गंभीर बिघाड झाला? २०२३ च्या पाहणींत तिच्याकडे ३ लाख ३० हजारांहून अधिक मोटारींची माहिती जमली होती. दुसरी संस्था जे. डी. पॉवर ही १९६८ सालीं स्थापन झाली. दर शंभर मोटारींमागें मालकांच्या तक्रारी किती, हें ती मोजते. तिच्या दोन पाहण्या प्रमुख आहेत. एक मोटार घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांची, आणि दुसरी तीन वर्षें झालेल्या मोटारींची. भारतांतही या संस्थेनें कित्येक वर्षें, मुख्यतः शहरांतून, अशा पाहण्या केल्या. ती आपली माहिती मोटार-कारखान्यांना विकते, आणि तिच्या पारितोषिकाचा जाहिरातींत उपयोग करावयाचा तर कारखान्यांस शुल्क द्यावें लागतें. एवढ्यानें तिचे आंकडे खोटे ठरत नाहींत. पण पैसा कोणाकडून येतो हें वाचकानें ध्यानांत ठेवणें युक्त आहे.

महाराष्ट्रांत ग्राहकांची चळवळ दुबळी नाहीं. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत स्थापन केली आणि १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तथापि सभासदांच्या वर्गणीवर मोटारींची अशी नित्य पाहणी करण्याचें काम आपल्याकडे रुजलेलें नाहीं. म्हणून आपल्या हातीं येणारीं कोष्टकें बहुधा परक्या देशांतलीं, नाहीं तर शहरांतलीं, नाहीं तर कोणी केली हेंच न कळणारीं असतात.

आतां पैसेवारीचा पहिला धडा लावून पाहूं. नव्वद दिवसांची पाहणी ही नजरअंदाज होय. तीन वर्षांची सुधारित होय. आपल्याकडील माणूस एक गाडी दहा-बारा वर्षें वापरतो, म्हणजे त्याला खरी गरज असते ती अंतिम पैसेवारीची. ती हातीं येते तेव्हां तें मॉडेल बंद पडलेलें किंवा आंतून बदललेलें असतें. १ एप्रिल २०२० पासून देशभर 'भारत स्टेज सहा' हे धुराचे नियम लागू झाले. त्यापायीं कित्येक लहान डिझेल इंजिनें बाजारांतून गेलीं, आणि जीं राहिलीं त्यांस धुरांतली काजळी धरून ठेवणारी जाळी बसवावी लागली. ही काजळी वेळोवेळीं जळून जावी लागते, आणि त्यासाठीं गाडी कांहीं वेळ सलग व वेगानें धांवावी लागते. घरून शेतांत व शेतांतून घरीं एवढ्याच संथ फेऱ्या होत राहिल्या तर ती जाळी तुंबते. तेव्हां नांव तेंच असलें तरी २०१८ ची गाडी आणि २०२१ ची गाडी यांचें यंत्र निराळें असूं शकतें. थोरल्या भावाचे गुण धाकट्याच्या प्रगतिपुस्तकांत कोणी लिहीत नाहीं. येथें मात्र तसें सर्रास होतें.

दुसरा प्रश्न असा कीं, उत्तरें दिलीं कोणीं? शितावरून भाताची परीक्षा होते असें आपण म्हणतों, आणि तें खरेंही आहे. मात्र भात नीट ढवळलेला पाहिजे. वरचेंच एक शीत चेपून पाहिलें तर तळचा भात करपला आहे हें कळावयाचें नाहीं. ज्या १९३६ सालीं ती ग्राहकसंस्था निघाली त्याच सालीं अमेरिकेंत याचें एक मोठें उदाहरण घडलें. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वी सुमारें एक कोटि लोकांस मतपत्रिका धाडल्या. तेवीस लाखांवर परत आल्या. त्यांवरून लॅंडन निवडून येणार असें त्यानें छापलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ राज्यांत विजयी झाले. मतपत्रिका ज्या याद्यांवरून धाडल्या त्यांत टेलिफोनवाल्यांच्या आणि मोटारवाल्यांच्या याद्या मुख्य होत्या. मंदीच्या त्या दिवसांत गरिबाच्या घरीं या दोन्ही वस्तु नव्हत्या. शिवाय ज्यांना राग होता त्यांनींच उत्तर धाडण्याची तसदी अधिक घेतली. तेवीस लाख शितें, पण सगळीं भांड्याच्या एकाच बाजूचीं!

याच्या उलट उदाहरण आपल्याच एका महाराष्ट्रीय विद्वानाचें आहे. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नजरेनें न करतां, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निःपक्ष रीतीनें शेतें निवडून, त्यांतील मोजका तुकडा कापून व वजन करून काढण्याची पद्धति भारतांत रूढ करण्याचें मोठें काम केलें. आजचे पीक कापणी प्रयोग त्याच मार्गानें चालतात. थोडींच शेतें घ्यावींत, पण कोणतीं घ्यावींत हें आपल्या सोयीनें ठरवूं नये, हें त्यांतील सार आहे.

मोटारींच्या पाहणींत मालकाची निवड अशी होतेच असें नाहीं. जो उत्तर देतो तो स्वतः पुढें आलेला असतो. ज्याला ठेंच लागली तो ओरडतो, आणि ज्यानें दहा लाख ओतले तो आपला तो बाब्या म्हणून गाडीचें कौतुक करतो. मधला, ज्याची गाडी बरी चालली आहे आणि ज्याला त्याबद्दल कांहीं वाटत नाहीं, तो गप्प राहतो. आणि एमएच २८ या आपल्या क्रमांकाच्या गाड्या, ज्या उन्हाळ्यांत खामगांव-शेगांवकडच्या भाजून काढणाऱ्या उन्हांत उभ्या राहतात, घाटावरून घाटाखालीं उतरतात आणि काळ्या मातीची धूळ खातात, त्या अशा पाहण्यांत कितीशा असणार?

तिसरा प्रश्न, मोजलें काय? जे. डी. पॉवरच्या २०२५ च्या अमेरिकेंतील पाहणींत तीन वर्षें झालेल्या मोटारींची सरासरी शंभर गाड्यांमागें २०२ तक्रारी अशी निघाली. म्हणजे दर गाडीस दोन. हें ऐकून घाबरण्याचें कारण नाहीं. यांतल्या पुष्कळ तक्रारी गाडीच्या समोरच्या पडद्याबद्दलच्या असतात. फोन जोडला जात नाहीं, आवाजानें दिलेली आज्ञा यंत्राला कळत नाहीं, अशा त्या असतात. फोन न जोडला जाणें ही एक तक्रार, आणि राजूर घाटांत भर चढणीवर गिअरबॉक्स बसणें हीही एकच तक्रार. शाळेंत एकूण टक्केवारी पाहून मुलगा हुशार म्हणावा आणि गणितांत तो नापास आहे हें पाहूंच नये, तसें हें होतें. म्हणून एकूण गुण सोडून द्यावेत आणि आंतले विषय पाहावेत. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, थंडावा राखणारी यंत्रणा व वीज यांचे गुण निराळे दिले असतील तर ते वाचण्यालायक आहेत.

चौथा प्रश्न संख्येचा. नाणें शंभर वेळां उडवा. छापा बरोबर पन्नास वेळां पडेल अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. चारांपैकीं सुमारें एका खेपेस तो पंचेचाळिसाहून कमी किंवा पंचावन्नाहून अधिक वेळां पडेल, आणि त्यांत नाण्याचा दोष नसेल. तसेंच, एका मॉडेलच्या शंभर मालकांस विचारलें आणि वीस जणांनीं बिघाड सांगितला, तर खरें प्रमाण शेंकडा बारा ते अठ्ठावीस यांत कोठेंही असूं शकतें. चारशें मालकांस विचारलें तर तीच कक्षा सोळा ते चोविसावर येते. तेव्हां एका गाडीस २० आणि दुसरीस २३ मिळाले म्हणून पहिली श्रेष्ठ ठरविणें हें ६१ टक्के मिळविणाऱ्या मुलास ६० टक्केवाल्यापेक्षां विद्वान म्हणण्यासारखें आहे. मी उभ्या आयुष्यांत हजारों उत्तरपत्रिका तपासल्या. एका गुणाचा फरक परीक्षकाच्या पेनाच्या टोंकावर असतो.

मालकांच्या मतांत यंत्राखेरीज आणखी किती गोष्टी मिसळतात हें समजण्यास जुळ्या मोटारींचें उदाहरण चांगलें आहे. २०११ पासून कांहीं वर्षें पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांत फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड या दोन मोटारी जवळजवळ एकाच हाडामांसाच्या तयार होत. २०१९ पासून मारुतीची बलेनो हीच थोड्या फरकानें टोयोटाच्या नांवें ग्लान्झा म्हणून विकली जात आहे. अशा जुळ्यांना मालकांकडून निरनिराळे गुण पडले, तर तो फरक पोलादाचा नसून विक्रेत्याच्या वागणुकीचा, सर्व्हिस सेंटरचा आणि नांवावरच्या श्रद्धेचा समजावा.

आठवणीवर न विसंबतां नोंदींवरून मोजण्याची रीतही आहे. जर्मनींतील 'आडाक' हा मोटारमालकांचा संघ रस्त्यांत बंद पडलेल्या सभासदांच्या मदतीस आपले मेकॅनिक धाडतो आणि त्यांच्या नोंदींवरून दरवर्षीं कोष्टक काढतो. त्यांतही एक भोंक आहे. ज्या गाड्यांच्या मदतीस कारखान्याचीच माणसें जातात त्या या हिशेबांत येत नाहींत. आपल्याकडील राज्य परिवहनांचा हिशेब मला अधिक समंजस वाटतो. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या आपल्या एस. टी.सारख्या संस्था बंद पडलेल्या गाड्या मोजतांना दर दहा हजार किलोमीटरांमागें किती, असें मोजतात. वर्षाकांठीं पांच हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि चाळीस हजार चालणारी गाडी एकाच तराजूंत घालण्याची चूक त्यांत होत नाहीं. मालकांच्या पाहणींत ती बहुधा होते.

इतके दोष सांगितल्यावर श्रोते म्हणतील, मग हीं कोष्टकें चुलींत घालावींत काय? तसें मुळींच नाहीं. जेथें एकच गोष्ट वर्षानुवर्षें, निरनिराळ्या रीतींनीं मोजूनही सारखीच निघते, तेथें तिला मान दिला पाहिजे. वर सांगितलेल्या दोन्ही अमेरिकन संस्थांच्या रीति वेगळ्या आहेत, तरी टोयोटा आणि तिचीच लेक्सस हीं नांवें दोहोंकडे पुष्कळ वर्षें वरच्या अंगास दिसत आलीं आहेत. हा योगायोग म्हणतां येत नाहीं. तसेंच एखाद्या मॉडेलच्या एकाच भागाबद्दल अनेक ठिकाणांहून तीच तक्रार येत असेल तर तिकडे कानाडोळा करणें धोक्याचें आहे. मोठा फरक, पुष्कळ उत्तरें आणि अनेक वर्षांचें सातत्य, या तीन गोष्टी एकत्र असतील तर विश्वास ठेवावा. यांतली एकही नसेल तर तें कोष्टक करमणुकीचें समजावें.

एक गैरसमज मात्र वेळींच दूर केला पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या नांवानें मोटारींना जे तारे मिळूं लागले आहेत ते अपघातांत आंतील माणसें कितपत वांचतील याचे आहेत. ताशीं ६४ किलोमीटर वेगानें गाडी अडथळ्यावर आपटून ते ठरवितात. ते महत्त्वाचे आहेत. परंतु पांच तारे मिळालेली गाडी गॅरेजांत कमी जाईल असा त्यांचा अर्थ होत नाहीं.

मोताळा तालुक्यांतील माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं असेंच एक कोष्टक घेऊन आला. बुलढाणा ते मलकापूर प्रवासी नेण्यासाठीं जुनी सात आसनांची गाडी घ्यावयाची होती, आणि आईचे दागिने गहाण पडावयाचे होते. तो म्हणाला, "गुरुजी, हिला सगळ्यांत जास्त तारे आहेत. घेऊं का?" मी म्हणालों, "अरे, तारे मोजूं नकोस. तारे देणारे कोण, किती, केव्हांचे आणि कशाबद्दल, तें आधीं पाहा." पाहिलें तों कोष्टक नव्या गाड्यांचें, मालक शहरांतले, आणि इंजिन पूर्वीचें. मग त्यानें स्टँडवर उभ्या असलेल्या आठ चालकांना गांठलें. किती किलोमीटर चालली, गेल्या वर्षांत किती दिवस उभी राहिली, कशानें उभी राहिली, आणि स्पेअर पार्ट मलकापुरास मिळाला कीं अकोल्याहून आणावा लागला, एवढें त्यानें वहींत लिहून घेतलें. आठ ही संख्या लहान आहे हें मला कळतें. पण त्या आठ गाड्या राजूर घाट रोज चढणाऱ्या होत्या, आणि "उभी राहिलेले दिवस" हें माप मतापेक्षां पक्कें आहे. शेवटीं त्यानें दुसरी गाडी घेतली. ती चांगली निघाली कीं वाईट, हें सांगून मी माझें म्हणणें सिद्ध करूं पाहत नाहीं. एका गाडीवरून कांहींच सिद्ध होत नाहीं, हेंच तर आजचें माझें म्हणणें आहे.

शेवटची गोष्ट कर्तव्याची आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें सदोष गाड्या परत मागविण्याचें ११०-अ हें कलम आलें, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलांत आले. गाडींतील माणसांस, रस्त्यावरील इतरांस किंवा पर्यावरणास धोका होईल असा दोष असल्याच्या तक्रारी मालकांकडून ठराविक प्रमाणांत आल्या, तर सरकार कारखान्यास त्या गाड्या परत बोलावण्यास भाग पाडूं शकतें. येथें तक्रारींची संख्याच निर्णायक आहे. आपल्याकडचा मालक काय करतो? ओळखीच्या मेस्त्र्याकडे गाडी नेतो, रोख पैसे देतो, पावती घेत नाहीं, आणि नशिबाला बोल लावतो. त्याचा बिघाड कोणत्याही वहींत येत नाहीं. मग कोष्टकांत आमचा रस्ता नाहीं, आमचें ऊन नाहीं, अशी कुरकुर करण्याचा अधिकार आपणांस कितीसा उरतो? पावती घ्यावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, गाडी किती दिवस उभी राहिली याची नोंद करावी, दोष धोक्याचा असेल तर सरकारकडे कळवावा, आणि दाद मागण्यासाठीं राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक व जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे हें विसरूं नये. कोणी पाहणीसाठीं विचारण्यास आलाच, तर रागानें वा अभिमानानें न बोलतां खरें तेवढें सांगावें.

पैसेवारी लावणाराचें जसें कर्तव्य आहे तसें शेत दाखविणाराचेंही आहे. आपलें शेत ज्यानें दाखविलेंच नाहीं, त्याचें पीक हिशेबांत धरलें जाणार कसें?